नाव गुप्त ठेवणाऱ्यांची यादी

ताईंच्या वाचनालयात संगणक आला तो अध्यक्षांच्या जावयापाठोपाठ. जावई आधी आला, बायकोसह दीड महिना सासुरवाडीला राहायला. नव्या नोकरीवर रुजू व्हायला अवकाश होता, हात शिवशिवत होते, आणि सासऱ्यांनाही चारचौघांत त्याचं कौतुक करायला काहीतरी निमित्त हवं होतं. आठव्या दिवशी अध्यक्षांनी कार्यकारिणीची बैठक बोलावली आणि जाहीर केलं, "आपलं वाचनालय आता आधुनिक होणार. जावईबापू स्वतः प्रणाली तयार करून देतायत. एक पैसा न घेता."

जावयाचं काम म्हटल्यावर विरोध कोण करणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंनीही डोलावली, पण जरा उशिरा.

वाचनालय टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत होतं. अकरा हजार पुस्तकं, आठ खुर्च्या, एक गळका नळ आणि ताई. सहा वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्यांची पद्धत एकच. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला कागदी खिसा, त्यात एक कार्ड. पुस्तक गेलं की कार्डावर वाचकाचा क्रमांक पेन्सिलीने लिहायचा. परत आलं की खोडायचा.

जावईबापूंनी ही पद्धत पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे अठ्ठावीस वर्षांत कोणी काय काय वाचलं, याची कुठेच नोंद नाही?"

"नाही."

"सगळं खोडरबरने पुसलंत?"

"रोजच्या रोज," ताई म्हणाल्या. "वर्षाला चार खोडरबर लागतात."

"अहो, केवढं नुकसान हे!"

"कोणाचं?" ताईंनी विचारलं.

असा प्रश्न जावयाला आजवर कोणी विचारला नव्हता. मग तो म्हणाला, "एकूणच," आणि कामाला लागला.

दोन आठवड्यांत प्रणाली उभी राहिली. कौतुकाची गोष्ट म्हणजे ती चालतही होती. पुस्तक दिलं की घरी संदेश जायचा. दारातच एक मोठा पडदा लावला होता, त्यावर 'आजचे वाचक' या मथळ्याखाली नाव आणि पुस्तक झळकायचं. शिवाय कोणाला आणखी काय आवडेल, हेही प्रणाली आपल्या मनाने सुचवायची. प्रत्येक घराचं एक खातं, एक फोन नंबर. घरटी एकच अर्ज भरून घेतला होता, तेवढाच सुटसुटीतपणा.

"जावईबापू," पडद्याकडे बघत ताई म्हणाल्या, "एखाद्याला आपलं नाव इथे नको असेल तर?"

"सोय आहे ना! त्याने विनंती करायची. नाव लगेच निघतं."

"मग ठीक आहे," ताई म्हणाल्या. ती विनंती पुढे कुठे जाते, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही. त्याचा त्यांना नंतर फार पश्चात्ताप झाला.

पहिला दणका बसला तो हेडमास्तरांच्या घराला. हेडमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण रस्त्यात ते दिसले की चाळिशी उलटलेली माणसंही हातातली सिगारेट पाठीमागे लपवत. तत्त्वज्ञानाखेरीज ते काही वाचत नाहीत, अशी त्यांची ख्याती. खरी गोष्ट फक्त ताईंना ठाऊक होती. गेली सहा वर्षं ते 'अधीर मनाची हाक' ही प्रेमकादंबऱ्यांची चौदा भागांची मालिका ओळीने वाचत होते आणि चौदावा संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. पुस्तकाला ते घरून आणलेलं खाकी कव्हर घालत आणि ताईंच्या टेबलावर ठेवताना खिडकीबाहेर बघत. ताईही खिडकीबाहेर बघत. तेवढ्यात क्रमांक लिहून व्हायचा.

हेडमास्तर स्वतः फोन बाळगत नसत, त्यामुळे घराच्या खात्याला नंबर होता मुलाचा. मुलगा कचेरीत बसला असताना फोन वाजला. 'प्रिय वाचक, अधीर मनाची हाक, भाग सातवा, आपल्या घरी आला आहे. मनसोक्त वाचा!'

मुलगा हादरला. वडिलांचा संशय येणं शक्यच नव्हतं. म्हणजे बायको. तीही थेट सातव्या भागापर्यंत पोहोचलेली! घरात आपण तिच्याशी शेवटचं कधी नीट बोललो, हे त्याने आठवून पाहिलं, तर वीजबिलाबद्दल बोलल्याचं आठवलं. त्याला अपराधी वाटलं. संध्याकाळी तो फुलं घेऊन घरी गेला.

लग्नाला अकरा वर्षं झालेल्या बाईला नवरा एकाएकी फुलं आणून देतो, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार काय येतो?

"काय केलंत?" बायकोने विचारलं.

"कुठे काय? सहज."

"सहज? काय लपवताय माझ्यापासून?"

"मी लपवतोय? तूच लपवतेयस! मला सगळं कळलंय. सातवा भाग!"

"कसला सातवा भाग?"

दोन दिवस त्या घरात भांड्यांचे आवाज नेहमीपेक्षा मोठे येत होते. शेजारच्या खोलीत हेडमास्तर खाकी कव्हराचं पुस्तक डोळ्यांसमोर धरून बसले होते. पान मात्र उलटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी माहेरी जायची बॅग काढली, तेव्हा हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. शाळेत निकाल जाहीर करताना ते ज्या आवाजात बोलत, त्याच आवाजात म्हणाले, "पुस्तक माझं आहे."

मुलाने बायकोच्या हातातली बॅग घेऊन परत माळ्यावर ठेवली. फुलं तेवढी सुकत होती.

हेडमास्तर तडक वाचनालयात आले. "ताई, सहा वर्षांत मला तुमच्याकडून असा अनुभव नाही," एवढंच म्हणाले आणि पुस्तक टेबलावर ठेवून निघून गेले. ताईंच्या काळजाला तो शब्द लागला. कोणी ओरडलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं.

ताई जावयाला गाठणार, तोच दातांचे डॉक्टर धापा टाकत जिना चढून आले. त्यांनी सकाळीच एक छोटं पुस्तक नेलं होतं, 'रक्त पाहून घेरी येते? घाबरू नका!' ते आपण मेहुण्यासाठी नेलं, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण पडद्यावर त्यांचं नाव आणि पुस्तकाचं नाव तेव्हापासून शेजारी शेजारी झळकत होतं, आणि खाली टपाल कचेरीत येणारं अर्धं गाव जिन्यातून मान वर करून ते वाचत होतं. सकाळपासून तीन रोग्यांनी दाढ काढायचं रद्द केलं होतं. चौथा खुर्चीत बसून डॉक्टरांनाच विचारत होता, "तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"आत्ताच्या आत्ता माझं नाव काढा!"

"काढतो की," जावई हसतमुखाने म्हणाला. त्याने विनंती नोंदवली. डॉक्टरांचं नाव 'आजचे वाचक' मधून खरोखरच गेलं. डॉक्टर सुटकेचा निःश्वास टाकून वळले आणि जागच्या जागी थिजले. पडद्याच्या खालच्या बाजूला लाल अक्षरांत एक नवीनच चौकट उघडली होती: 'नाव गुप्त ठेवण्याची विनंती केलेले वाचक'. तिच्यात एकच नाव होतं.

"हे काय आहे?" डॉक्टरांचा आवाज चिरकला.

"यादी. म्हणजे कर्मचाऱ्यांच्या लक्षात राहावं, कोणाचं नाव दाखवायचं नाही ते."

"अहो, पण ती दारात लावलीय तुम्ही!"

"कर्मचारी दारातूनच येतात ना," जावई म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळून तो जरा ओशाळला. पण ती चौकट पडद्याच्या मूळ रचनेतच गुंफलेली होती. काढायची तर अर्धी प्रणाली उसवावी लागणार होती.

सकाळी गावाला एवढंच वाटत होतं, की डॉक्टरांना रक्त बघवत नाही. आता जो तो विचारात पडला, की हा माणूस असं काय वाचतो, जे लपवावं लागतं? संध्याकाळपर्यंत दवाखान्यात एकच रोगी उरला. त्याला डोळ्यांना दिसत नव्हतं.

गाव शहाणं झालं. पुढच्या आठवड्यात कोणी मनातलं पुस्तक नेईना. ज्याला त्याला पडद्यावर शोभून दिसायचं होतं. 'जलसिंचनाचा इतिहास', खंड एक ते चार, बारा वर्षं फळीवर धूळ खात होता. त्याच्यासाठी रांग लागली. केशकर्तनालयवाल्याने 'ज्ञानमीमांसेची मूलतत्त्वं' नेलं आणि पडद्याखाली उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. अध्यक्षांना तर आकाश ठेंगणं झालं.

"बघा ताई! पंधरा दिवसांत लोकांची अभिरुची कुठल्या कुठे गेली!"

"हो ना," ताई म्हणाल्या. त्यांनी परत आलेला जलसिंचनाचा तिसरा खंड उघडून दाखवला. छापखान्यात चिकटलेली पानं अजून तशीच चिकटलेली होती.

अध्यक्षांनी ते पाहिलं नाही. ते जावयाच्या पाठीवर थाप मारण्यात गुंतले होते.

खरं वाचणारी माणसं आता पुस्तकं घरी नेतच नव्हती. ती मागच्या खोलीत, फळ्यांच्या आड उभ्याने वाचत. ताई झाडू घेऊन मागे गेल्या, की चार-पाच जण दचकून पुस्तकं छातीशी धरत. एकदा शेतीच्या फळीमागे त्यांना हेडमास्तर दिसले. पायांत गोळे आले असावेत, कारण ते एका पायावर उभे होते. हातात भाग आठवा होता. ताईंनी काही न बोलता एक खुर्ची आणून ठेवली आणि खिडकीबाहेर बघत परत आल्या.

त्या दिवशी त्या घरी गेल्या, तेव्हा त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला भिंग लावूनच त्यांनी विचारलं, "राजीनामा द्यायचा विचार चाललाय का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तीनदा मीठ वाढलंस मला."

"अहो, लोक माझ्याकडे विश्वासाने येत होते. आता मला चुकवून आत शिरतात. वर्षभरात निवृत्त व्हायचंय मला. जाताना हे तोंड घेऊन जाऊ?"

"मग जाऊ नकोस," यजमान म्हणाले. "घड्याळ पुढे जायला लागलं, तर लोक घड्याळजीला काढून टाकतात का? त्या पोराकडून नीट करून घे."

"तो पोरगा नाही, जावई आहे. तिथेच तर घोडं पेंड खातंय."

पण दुसऱ्या दिवशी ताईंना तोंड उघडावंच लागलं नाही. सकाळी दहाला वाचनालय उघडलं, तर पायरीवर अध्यक्ष बसलेले. दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात.

"ताई, हे बघा," म्हणून त्यांनी फोन पुढे केला.

संदेश त्यांच्याच घरच्या खात्याचा होता. 'प्रिय वाचक, एकटीने प्रवास: पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी, हे पुस्तक आपल्या घरी आले आहे. आपल्या घरच्यांना हेही आवडेल: विभक्त होताना, कायदा आणि व्यवहार.'

"ही चाललीय, ताई. मला सोडून चाललीय." अध्यक्षांनी संदेश पुन्हा एकदा वाचला. "तीन दिवस झाले. मी सकाळचा चहा करतोय. कपड्यांच्या घड्या घालतोय. काल तर तिच्या बहिणीशी फोनवर गोड बोललो. तरी ही आपली गालातल्या गालात हसते. आणखी काय काय नेलंय तिने? आधीचे संदेश मी न वाचताच पुसले. अख्खी यादी दाखवा मला."

"ते मी सांगू शकत नाही."

"मी अध्यक्ष आहे!"

"त्या वाचक आहेत."

"मी नवरा आहे तिचा!"

"मग त्यांनाच विचारा," ताई म्हणाल्या.

अध्यक्षांनी मोर्चा जावयाकडे वळवला. तो नुकताच येऊन संगणक सुरू करत होता. "जावईबापू, आपल्या घराची यादी काढा. पहिल्यापासून."

जावई चाचरला. "बाबा, असं बरं दिसेल का?"

"तुम्हीच म्हणालात ना, कोणीही केव्हाही बघू शकतं म्हणून? काढा!"

सासऱ्यापुढे जावयाचं काही चाललं नाही. त्याने कळ दाबली. यादी पडद्यावर उमटली. दारातल्या मोठ्या पडद्यावर, कारण संगणकावर जे दिसे तेच तिकडेही दिसे, आणि हे बदलायचं जावई गेले दोन आठवडे उद्यावर ढकलत होता. नेमक्या त्याच वेळी जिना चढून अध्यक्षीणबाई दारात आल्या. हातात परत करायचं पुस्तक होतं.

अध्यक्षांना त्या दिसल्या नाहीत. ते मोठ्याने वाचत होते. "'एकटीने प्रवास'... 'समुद्रकाठची स्वस्त आणि स्वच्छ विश्रामगृहं'... 'सामान कमी, मन मोकळं'... आणि हे काय? 'सासरच्या माणसांत तग धरण्याचे एकशे एक उपाय'. हिला आता या वयात सासर कुठलं? सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली!"

मागच्या फळ्यांआडून पाच-सहा डोकी बाहेर आली होती. सगळ्यांची नजर हळूहळू जावयाकडे वळली. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"ते... ते मी चाचणीसाठी नेलं होतं," तो म्हणाला.

"वाचलंत?" दारातून अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर उपाय झाले," जावयाच्या तोंडून निघून गेलं.

अध्यक्षीणबाईंना हसू आवरेना. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, मला विचारायचं होतं ना सरळ."

"काय विचारू? तू चाललीयस का?"

"चाललेय."

अध्यक्ष मटकन खुर्चीत बसले.

"चार दिवस," त्या म्हणाल्या. "समुद्र बघायला. एकटी. तुम्ही बरोबर असलात की हॉटेलवाल्याला खुर्च्या कशा मांडाव्यात ते सांगता, गाडीवाल्याला रस्ता सांगता. गेल्या खेपेला समुद्र बघत होते, तर तुम्ही म्हणालात इथे एक कठडा हवा. एकदा नुसता समुद्र बघायचाय मला. निघण्याआधी सांगणारच होते. पण तुम्ही एकाएकी चहा करायला लागलात, म्हटलं चाललंय ते बरंय."

मागच्या खोलीत कोणीतरी फस्सकन हसलं. तो आवाज हेडमास्तरांचा होता, असं काहींचं म्हणणं, पण ते कोणाला खरं वाटलं नाही.

"आणि तुम्ही हो, जावईबापू," अध्यक्षीणबाई पुढे म्हणाल्या, "फार हुशार आहात. पण या यंत्राला बोलायला शिकवलंत, गप्प बसायला शिकवायचं राहिलं. ताई सांगतील तसं नव्याने करा. तुमच्याकडे अजून नऊ दिवस आहेत. उरलेले सत्तावीस उपाय नंतर वाचा."

अध्यक्षांनी सदऱ्याचं बटण सोडवून बरोबर काजात घातलं.

त्याच दुपारी ताई आणि जावई संगणकापुढे बसले. जावयाचा पहिला विचार होता, आहे त्या प्रणालीवर कुलूप बसवावं, संकेतशब्द घालावा.

"कुलपाची किल्ली कोणाकडे?" ताईंनी विचारलं.

"तुमच्याकडे. आणि... अध्यक्षांकडे."

दोघांनीही एकमेकांकडे बघितलं. जावयाने ते सगळं पुसून टाकलं आणि कोऱ्या पडद्यापासून सुरुवात केली. मग एकेका रकान्यापाशी ताईंचं बोट थांबू लागलं.

"जन्मतारीख कशाला?"

"असावी म्हणून."

"असावी म्हणून छत्री ठेवतात. काढा."

"नोकरीधंदा?"

"कशाला?"

"काढतो. पण पुस्तकाचं नाव तरी संदेशात हवं ना, ताई?"

"ज्याने नेलंय त्याला माहीत असतं. ज्याने नेलं नाही त्याला कशाला कळवायचं? 'एक पुस्तक परत करायचं आहे', बास. आणि घराला नंबर नको, माणसाला द्या. ज्याला संदेश नको त्याचा नंबर घेऊच नका."

तिसऱ्या दिवशी मुख्य प्रश्न आला. पुस्तक परत आल्यावर नोंदीचं काय? जावयाचं बोट पुसण्याच्या कळीवर अडून राहिलं. त्याच्या आजवरच्या शिक्षणात काहीतरी साठवणं हेच काम होतं. मिळवलेलं मुद्दाम टाकून द्यायचं, हे त्याच्या जिवावर आलं होतं.

"पुढे कधी उपयोग झाला तर?" तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"कोणाला?" ताई म्हणाल्या. "जे ठेवलंच नाही, ते कोणी मागू शकत नाही, चोरू शकत नाही, आणि चुकून दारातल्या पडद्यावर येत नाही. तुमचे कान अजून लाल आहेत, जावईबापू."

जावयाने कळ दाबली. आता पुस्तक परत आलं, की कोणी नेलं होतं हे प्रणाली त्याच क्षणी विसरायची. कोणत्या फळीवरची किती पुस्तकं गेली, एवढा आकडा मात्र राहायचा. कोणाला कसली विनंती करायची गरज नव्हती. सगळ्यांचंच नाव मुळापासून गुप्त.

"आणि एखाद्याला दाखवायचंच असेल, आपण काय वाचतो ते?" जावयाने शेवटचं विचारलं.

"त्याने पायरीवर उभं राहून ओरडावं. जिना आपला मोकळाच आहे."

दारातला पडदा उतरवून आत नेला. त्यावर वाचनालयाची वेळ आणि नव्या पुस्तकांची नावं येऊ लागली. केशकर्तनालयवाला सोडला तर कोणाला वाईट वाटलं नाही. जलसिंचनाचे चारही खंड फळीवर परतले. हेडमास्तर पुन्हा टेबलाशी येऊ लागले, पण आता त्यांची वेगळीच तक्रार होती. नववा भाग त्यांच्याआधी सूनबाई घेऊन जायच्या आणि वाचून झाल्याशिवाय देत नसत. डॉक्टरांचे रोगी हळूहळू परतले. दाढ दुखायला लागली, की माणूस फार चौकशा करत नाही. अध्यक्षीणबाई समुद्र बघून आल्या. अध्यक्षांचा चहा तोवर बराच सुधारला होता.

जावयाच्या मुक्कामाचे शेवटचे दोन दिवस उरले असताना जिल्ह्याच्या ग्रंथालय कचेरीतून वार्षिक पाहणीला तपासनीस आले. उंच, सडपातळ, ओठ घट्ट मिटलेले. त्यांच्या हातात छापील तक्ता होता आणि तक्ता नीट भरला नाही तर वाचनालयाची मान्यता जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"वाचनाचा तपशील," तपासनीस म्हणाले. "कोणी, कोणतं पुस्तक, कधी."

ताई काही बोलायच्या आधीच अध्यक्ष खुर्चीतून उठले.

"तो आमच्याकडे नाही."

"हरवला?"

"ठेवलाच नाही," अध्यक्ष छाती पुढे काढून म्हणाले. "आमची प्रणालीच तशी आहे. वाचक काय वाचतो, हा वाचकाचा प्रश्न. आम्ही त्यात नाक खुपसत नाही. माझं पहिल्यापासून हेच मत आहे."

ताईंनी जावयाकडे बघितलं. जावयाने आढ्याकडे बघितलं.

"आकडे आहेत, साहेब," ताई म्हणाल्या. "फळीवार, महिन्यावार. नावं तेवढी नाहीत. तुमच्या तक्त्यात 'तपशील' लिहिलंय, 'नावं' असं कुठे लिहिलेलं नाही."

तपासनिसांनी तक्ता दोनदा वाचला. तसं खरंच लिहिलेलं नव्हतं. पण त्यांची खात्री पटेना. "संगणक काही विसरत नसतो. कुठेतरी असणारच. मी स्वतः बघतो. मला सभासद करून घ्या. मी एक पुस्तक घेतो, परत करतो, आणि मग तुम्ही मला शोधून दाखवा."

ते एकटेच मागच्या खोलीत गेले. दहा मिनिटांनी एक पुस्तक घेऊन आले आणि ताईंच्या टेबलावर पालथं ठेवलं. ताईंनी नोंद केली. "लगेच परत करताय?" "करतो. जरा बसतो," म्हणून ते पाठमोरे होऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. अध्यक्षांनी आणवलेला चहा निवला. गाडीवाला दोनदा बोलवायला आला, दोन्ही वेळा त्याला हातानेच परतवलं. पावणेतीन तासांनी ते उठले, तेव्हा त्यांचे ओठ अजिबात मिटलेले नव्हते.

पुस्तक जमा झालं. "आता शोधा."

जावयाने शोधलं. नावाने, क्रमांकाने, तारखेने. तपासनीस स्वतः त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांनी दोन कळा स्वतःच्या बोटाने दाबून पाहिल्या. कुठेच काही नव्हतं. आज एक पुस्तक गेलं आणि एक आलं, एवढंच.

त्यांनी तक्त्यावर 'समाधानकारक' असं लिहून सही केली. मग अध्यक्ष त्यांना निरोप द्यायला हार आणायच्या गडबडीत खाली गेल्याचं बघून ते टेबलाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, तेच पुस्तक... घरी नेता येईल का? शेवटची साठ पानं राहिलीयत."

"तुम्ही सभासद आहात की," ताई म्हणाल्या आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. तपासनिसांनी ते चपळाईने फायलींच्या मधोमध सरकवलं.

गाडी गेली. अध्यक्ष जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत वर आले.

"काहीतरी घेऊन गेला ना तो? मी फाईल फुगलेली बघितली. काय नेलं हो?"

"पुस्तक," ताई म्हणाल्या.

"ते कळलं. पण कुठलं? एवढा कडक माणूस तीन तास हलला नाही! अहो, निदान जाड होतं की बारीक, एवढं तरी सांगा."

"अध्यक्षसाहेब, वाचक काय वाचतो हा वाचकाचा प्रश्न, असं तुमचं पहिल्यापासून मत आहे ना?"

थोडा वेळ अध्यक्षांनी नळ दुरुस्त करायला हवा वगैरे बोलून काढला. मग पाठीमागे हात बांधून, अगदी सहज फिरल्यासारखं दाखवत ते मागच्या खोलीत शिरले आणि एकेका फळीवरून नजर फिरवू लागले. कुठे एका पुस्तकाएवढी रिकामी जागा दिसते का, ते त्यांना बघायचं होतं. इतिहास झाला, आरोग्य झालं, कवितांच्या फळीपुढे ते वाकले, कादंबऱ्यांपुढे गुडघे टेकून बसले.

ताई टेबलाशी बसून शांतपणे पेन्सिलीला टोक करत होत्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हाच त्या आत जाऊन प्रत्येक फळीवरची पुस्तकं एकमेकांना नीट चिकटवून आल्या होत्या.